व्यायाम एकट्याचा, व्यायाम चौघांचा

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शहरांतील जिममध्ये उभे राहायला जागा मिळत नाही आणि होळी येते तोवर त्याच यंत्रांवर टॉवेल वाळत पडलेले दिसतात. उत्साहाच्या या ओहोटीचे कारण विचारले, तर माणसे आपल्या आळसाकडे बोट दाखवून मोकळी होतात. परंतु आळस ही काही आजची गोष्ट नव्हे. त्याने पेशवाईतही कोणाला सोडले नव्हते. मग एक व्यायाम पिढ्यान्‌पिढ्या टिकावा आणि दुसरा दोन महिन्यांत आटोपावा, असे का? व्यायाम एकट्याने करावा की चारचौघांत, हा जुना वाद वस्तुतः याच प्रश्नाच्या पोटात दडलेला आहे.

प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. जून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २०२२ साली भारतातील ४९.४ टक्के प्रौढांची शारीरिक हालचाल आवश्यकतेपेक्षा कमी होती. २००० साली हेच प्रमाण २२.३ टक्के होते. आवश्यक म्हणजे तरी किती? आठवड्याला १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोराची हालचाल. आणि तीत घरकाम, कामधंदा, पायी जाणे-येणे हे सारे जमेस धरलेले. एवढी अल्प मागणीही निम्म्या देशाला पुरी करता येत नाही. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे, तर स्त्रियांत ५७ टक्के. या दोन आकड्यांमधील अंतराकडे पुढे वळावे लागेलच.

एकट्याच्या व्यायामाचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा पुरस्कर्ता म्हणून औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे नाव घ्यावे लागते. सूर्यनमस्कारांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९२८ साली निघाले आणि १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकर्तीच्या साहाय्याने ते नव्या रूपात लंडनहून प्रसिद्ध झाले. सूर्यनमस्काराची बाजू व्यवहाराच्या दृष्टीनेही भक्कम आहे. त्याला आखाडा नको, साधन नको, जोडीदार नको. अंग आडवे टाकण्यापुरती जमीन असली म्हणजे झाले. खर्च शून्य आणि पावसाळ्यातही खंड पडण्याचे कारण नाही. खुद्द पंतप्रतिनिधी हा नेम निष्ठेने पाळीत. तरीसुद्धा आपल्या संस्थानात त्यांनी नमस्कार रुजवले ते शाळांतून, सक्तीने आणि सामुदायिक रीतीने. ज्या व्यायामाला दुसऱ्या माणसाची गरजच नाही, तो पोरांच्या अंगवळणी पाडण्यासाठी मात्र वर्ग, शिक्षक आणि राजाज्ञा एवढा लवाजमा लागला. मनुष्यस्वभावाची याहून चांगली पारख कोणत्या ग्रंथात सापडेल?

मल्लखांबाची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. मल्ल नसताना मल्लाने कोणाशी झुंजावे, याचे उत्तर म्हणजे हा खांब. लाकडाचा प्रतिस्पर्धीच म्हणायचा. त्याचा उल्लेख थेट बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात आढळतो आणि उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधर यांनी त्याला नवे जीवन दिले. म्हणजे प्रकार पुन्हा एकट्याचाच. पण घरात खांब पुरून एकटाच कसरत करणारा मनुष्य कोणी पाहिला आहे काय? खांबावर एक जण असतो आणि भोवती दहा जण आपल्या पाळीची वाट पाहत, चुका काढत, हात देण्याच्या तयारीने उभे असतात.

याच संदर्भात तालीम या संस्थेचा विचार करावयास हवा. राजर्षी शाहूंनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभे राहिले, हा इतिहास सर्वपरिचित आहे. परंतु त्या झगमगाटामागील पहाटेचे तालमीतील दृश्य अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही अभ्यासावे असे आहे. लाल मातीचा हौदा फावड्याने खणून मोकळा करावा लागतो. मातीत तेल, ताक, हळद मिसळावी लागते. हे काम एकट्याचे नव्हे. अंगाची मालीश दुसऱ्याने करावयाची आणि नंतर आपण त्याची करावयाची. जोर-बैठका ज्याने त्याने काढायच्या, पण त्या मोजणारा वस्ताद समोर बसलेला. आणि शेवटी लढत. तिला तर दुसरा देह हवाच. सारांश, तालमीत प्रत्येक जण दुसऱ्याच्या व्यायामाचे साधन असतो. एखादा पैलवान आला नाही, तर त्याच्या वजनाच्या जोडीदाराची ती सकाळ फुकट जाते. साहजिकच तो दुसऱ्या दिवशी घरी जाऊन जाब विचारतो. गैरहजेरीची किंमत रोजच्या रोज, रोखीने आणि तीही शिव्यांच्या चलनात वसूल होत असल्यामुळे आळसाला फारसा वाव राहत नाही.

याउलट जिमचे गणित पाहावे. समजा, एका वेळी चाळीस माणसे मावतील अशी जागा आहे आणि सभासद सहाशे आहेत. हे सहाशे जण रोज येऊ लागले, तर मालकाला जागा तरी वाढवावी लागेल, नाहीतर वर्गणी तरी परत करावी लागेल. धंदा चालतो तो न येणाऱ्यांच्या जिवावर. स्टेफानो देल्लाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन जिममधील साडेसात हजारांहून अधिक सभासदांच्या हजेरीची तपासणी करून २००६ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये निबंध लिहिला. ७० डॉलरहून अधिक मासिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळा येत होते. म्हणजे एका खेपेला त्यांना १७ डॉलरहून अधिक पडत होते. दहा खेपांचा पास घेतला असता, तर तीच खेप १० डॉलरला पडली असती. ही माणसे मूर्ख होती असे म्हणता येत नाही. पुष्कळांनी बहुधा असे मानले असावे की, एकदा पैसे भरले म्हणजे पाय आपोआप वळतील. पण भरून टाकलेली रक्कम हा बुडीत खर्च होय. तो पहिल्या आठवड्यात टोचतो, तिसऱ्या महिन्यात त्याची आठवणही राहत नाही. वर्गणी कानाशी येऊन हाक मारीत नाही.

तेव्हा एकटा की समूह, असा प्रश्न विचारण्यापेक्षा, आपण आलो नाही तर नुकसान कोणाचे होते, असा प्रश्न विचारणे अधिक योग्य. जिम माणसांनी गजबजलेली असते, तथापि तेथला प्रत्येक जण कानांत नळ्या खुपसून एकटाच असतो. त्याच्या न येण्याने शेजाऱ्याला यंत्र लवकर मिळते आणि मालकाचा फायदा होतो. गर्दी आणि सोबत या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

गर्दीविषयीचे जुने शास्त्रीय पुरावे तर उद्बोधक आहेत. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषि-अभियंत्याने दोर ओढण्याचे प्रयोग केले होते. त्यांचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. माणसे वाढली तसा दरडोई जोर घटत गेला आणि आठ जणांच्या गटात तो निम्म्याच्याही किंचित खाली आला. काही अंशी हा दोष ओढण्याची लय न जुळण्याचा होता. पण पुढे १९७९ ते १९८१ या काळात अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी टाळ्या वाजविण्याचे आणि ओरडण्याचे प्रयोग केले, तेव्हा असे दिसले की, आपला आवाज वेगळा मोजला जात नाही अशी समजूत असली की माणूस अंग राखतो, आणि तो वेगळा मोजला जातो असे कळले की अंग राखणे थांबते. गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब ठेवणाऱ्यांना हे सांगण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नव्हती, ही गोष्ट निराळी.

याच्या उलट टोकाचा पुरावा जर्मनीतला आहे. ओटो क्योलर यांनी १९२० च्या दशकात बर्लिनच्या नौकानयन मंडळातील गड्यांना एकट्याने आणि नंतर जोडीने वजन उचलावयास लावले. जोडीचे वजन असे की, एकाने सोडले की दोघांचेही काम संपावे. अशा वेळी दोघांतला दुबळा गडी एकटा असताना टिकला त्याहून अधिक वेळ टिकला. मात्र दोघांच्या ताकदीत फरक बेताचा असावा लागे. अगदी बरोबरीचे किंवा फारच विजोड असले तर हा परिणाम ओसरे. नवख्या पोराला आपल्यापेक्षा थोडाच सरस जोडीदार नेमून देणाऱ्या वस्तादाने क्योलरचे नावही ऐकलेले नसते.

हे लक्षात घेतले म्हणजे सामुदायिक कवायतींचे फोलपण ध्यानात येते. रथसप्तमीला शाळेच्या पटांगणावर पाचशे मुले नमस्कार घालतात. मागच्या रांगेतल्या किती जणांचे कपाळ जमिनीला टेकते, हे मास्तरांना ठाऊक असते आणि मुलांनाही. २१ जून २०१५ रोजी दिल्लीच्या राजपथावर ३५,९८५ लोकांनी एकत्र योगासने करून विक्रम नोंदविला. विक्रमाबद्दल कौतुक जरूर असावे. पण त्यांतल्या कोणाच्या दारावर २२ जूनच्या पहाटे कोणी थाप मारली, हे विक्रमाच्या वहीत लिहिलेले नसते.

अर्थात एकट्याच्या व्यायामाची बाजूही अन्याय न करता पाहिली पाहिजे. चारचौघे ही मराठी मनाची दुधारी चीज आहे. चारचौघांत उत्साह येतो, तसे चारचौघांत हसेही होते. खेळाच्या तासाला दोरीवर चढता न आलेला लठ्ठ मुलगा पुढे चाळीस वर्षे मैदानाकडे फिरकत नाही, त्याला पळवून लावणारे हेच चौघे असतात. चाळिशी उलटलेला कारकून तरुणांच्या चढाओढीत पाठ दुखवून घेतो, तीही सोबतीचीच देणगी. शिवाय सोबतीला वेळापत्रक असते. ज्याची लोकल पहाटे पाच बावन्नची आहे, त्याच्यासाठी कोणता समूह चार वाजता जमणार? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि राज्यातील जिम दसऱ्यापर्यंत बंद राहिल्या, तेव्हा घरच्या सतरंजीवर बारा नमस्कार घालण्याची सवय असलेल्यांचेच निभावले. एकट्याचा व्यायाम उत्तम. फक्त तो बहुधा त्यालाच साधतो, ज्याला पूर्वी कोणीतरी चौघांत बसवून सवय लावलेली असते.

आता स्त्रियांकडे वळावे. वर ज्या तालमीचे गुणगान केले, तिच्या दारातून बायकांना आत प्रवेश नव्हता. त्यांच्या वाट्याला आली ती मंगळागौर. फुगडी, झिम्मा, पिंगा यांनी रात्रभर दम काढणारा हा व्यायाम खरा, पण श्रावणापुरता आणि लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांपुरता. फुगडी एकटीने घालता येत नाही. दोघींनी एकमेकींच्या हातांवर भार टाकून मागे झुकावे लागते, एकीने हात सोडला तर दुसरी पडते. क्योलरचा प्रयोग आपल्या ओसरीवर पिढ्यान्‌पिढ्या चालू होता म्हणायचा. अलीकडे शहरांतून प्रौढ स्त्रियांचे मंगळागौरीचे संच निघाले आहेत. ते वर्षभर सराव करतात आणि बिदागी घेऊन कार्यक्रमही करतात. त्यांना कोणी व्यायामशाळा म्हणत नाही, इतकेच.

परंतु रोजच्या पहाटेचे काय? पुरुषाने एकटे फिरावयास जाणे ही आवड असते. बाईने अंधारात एकटे निघणे याचे तिला कारण द्यावे लागते. दोघी निघाल्या की मात्र त्या ‘फिरायला निघालेल्या’ असतात. पुरुषाला सोबत लागते ती आळस घालविण्यासाठी, बाईला ती उंबरठा ओलांडण्यासाठीच लागते. शेजारीण माहेरी गेली, तिच्या नातवाची शाळा सकाळची झाली, की हिचेही फिरणे बंद पडते. ५७ आणि ४२ यांतील पंधरा टक्क्यांचे अंतर सगळेच यातून आले असे नव्हे, पण या अंतराचा विचार करताना इच्छाशक्तीवर प्रवचने देण्याआधी रस्त्यावरचे दिवे मोजलेले बरे.

कोल्हापुरात आज ‘तालीम मंडळ’ असे नाव मिरविणाऱ्या कित्येक संस्था कुस्तीपेक्षा फुटबॉलसाठी ओळखल्या जातात. पाटाकडील तालीम मंडळ हे त्याचे ठळक उदाहरण. जुन्या लोकांना याची खंत वाटते. ती खंत समजण्यासारखी असली, तरी माती गेली आणि मंडळी राहिली, ही घटना उपेक्षणीय नाही. सोबत असली की ती आपला व्यायाम शोधून काढते.

ही सोबत सरकारला निर्माण करता येणार नाही. तिच्यासाठी जागा मात्र देता येईल. गावोगावच्या शाळांची पटांगणे संध्याकाळी सहा वाजता कुलपात जातात आणि सकाळी सातपर्यंत कुलपातच राहतात. त्यांच्या भोवतीच्या गल्ल्यांतून माणसे रिक्षा, कुत्री आणि गटारांची झाकणे चुकवीत शतपावली करतात. पटांगण पहाटे पाच ते सात उघडे ठेवण्याचा खर्च म्हणजे एका पहारेकऱ्याचे दोन तासांचे वेतन, चार दिव्यांची वीज आणि बायकांसाठी एक स्वच्छ शौचालय. सत्काराच्या एका शालीच्या भावात दिव्यांची महिन्याची वीज निघेल. किल्ली कोणाकडे राहावी, एवढाच मुद्दा मग उरतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो संस्थाचालकांच्या सभेपुढे आजवर आलेलाच नाही.