ना पाळी, ना एकवीस दिवस

सकाळी फरशीवर रक्ताचे दोन-चार थेंब दिसतात आणि घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, "हिची पाळी आली." गावाकडून आलेले काका म्हणतात, "माजावर आलीय. आता हुकली तर एकवीस दिवसांनी परत येईल." दोघंही अनुभवाचं बोलतात, फक्त एक अनुभव बाईचा आहे, दुसरा गाईचा. कुत्रीचं शरीर तिसऱ्याच हिशेबानं चालतं, आणि बहुतेक गैरसमज या उसन्या हिशेबांतून येतात.

गैरसमज : हे रक्त म्हणजे बाईसारखी पाळीच.

वस्तुस्थिती : बाईला पाळी येते ती गर्भ राहिला नाही म्हणून, गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं. कुत्रीचं उलट आहे. माज सुरू होताना इस्ट्रोजेन वाढतं, गर्भाशयाचं अस्तर फुगतं आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांमधून रक्त झिरपतं. म्हणजे बाईचं रक्त शेवट सांगतं, कुत्रीचं सुरुवात. शिवाय कुत्रीला रजोनिवृत्ती नसते. वयाबरोबर दोन माजांमधलं अंतर वाढतं, पण म्हातारी कुत्रीही गाभण राहू शकते.

गैरसमज : रक्त थांबलं, आता मोकळी सोडायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. पहिल्या टप्प्यात, साधारण नऊ दिवस, योनी सुजलेली असते आणि स्राव लाल असतो. नर मागे लागतात, पण ती गुरगुरते, खाली बसून घेते, जवळ येऊ देत नाही. पुढचे साधारण नऊ दिवस खरे माजाचे. स्राव फिकट होतो, सूज मऊ पडते. शेपटीच्या मुळाशी खाजवलं की ती शेपूट एका बाजूला वळवते आणि स्थिर उभी राहते. नेमकं याच वेळी घरच्यांना वाटतं, संपलं एकदाचं! काही कुत्र्यांमध्ये मात्र स्राव शेवटपर्यंत लालच राहतो. म्हणून रंगावर विसंबू नये. पहिल्या थेंबापासून तीन-चार आठवडे साखळी हातातून सोडू नये.

गैरसमज : अकराव्या ते तेराव्या दिवशी क्रॉस केलं की काम फत्ते.

वस्तुस्थिती : अनेकींच्या बाबतीत हा अंदाज बरोबर येतो, म्हणूनच तो टिकून आहे. पण काही कुत्र्यांत बीज पाचव्या-सहाव्या दिवशीच सुटतं, तर काहींत पंचविसाव्या दिवसानंतर. बाहेर पडलेलं बीज कच्चं असतं. पिकायला आणखी दोन-तीन दिवस लागतात. नराचे शुक्राणू तिच्या शरीरात पाच-सात दिवस तग धरतात. त्यामुळे एकाच वेताच्या पिल्लांचे बाप दोन असू शकतात! जाणकार ब्रीडर दिवस मोजण्याऐवजी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन दर दोन-तीन दिवसांनी तपासून घेतात. ते मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमच्या आसपास गेलं की बीज सुटलं असं समजतात आणि त्यानंतर दोन दिवसांनी क्रॉस करतात. बीज सुटल्यापासून साधारण ६३ दिवसांनी कुत्री विते. क्रॉसच्या तारखेपासून मोजलं तर हाच आकडा बराच मागेपुढे होतो.

गैरसमज : माज दर सहा महिन्यांनी ठरलेलाच.

वस्तुस्थिती : गाय एकवीस दिवसांनी परत माजावर येते. कुत्रीची एक खेप चुकली की काही महिने थांबावं लागतं. हे अंतर सरासरी सात महिन्यांचं. जर्मन शेफर्डमध्ये ते चार-पाच महिन्यांवर येतं, तर आफ्रिकेतल्या बसेंजी जातीची कुत्री वर्षातून एकदाच माजावर येते. पहिला माजही असाच : लहान चणीच्या कुत्रीला सहाव्या महिन्यापासून, थोराड जातींत कधी दोन वर्षांची होईपर्यंत नाही. काही कुत्र्या स्वतःला इतकं चाटून साफ ठेवतात की थेंब दिसतच नाही. शंका असेल तर तिच्या अंथरुणावर पांढरी चादर घालावी.

गैरसमज : कुत्र्यांचा माज भाद्रपदातच.

वस्तुस्थिती : हे अर्धसत्य आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हंगाम खरोखरच पावसाळ्याच्या अखेरीस भरात येतो. जयपूरमधल्या नसबंदी मोहिमेच्या नोंदींतही तेच दिसलं. त्यात दोन महिने मिळवा, म्हणजे थंडीत गल्लोगल्ली पिल्लं का दिसतात ते कळेल. घरात वाढलेली कुत्री मात्र कोणत्याही महिन्यात माजावर येऊ शकते.

गैरसमज : दूध उतरलं, म्हणजे गाभणच.

वस्तुस्थिती : गर्भ राहो न राहो, माजानंतर जवळजवळ दोन महिने प्रोजेस्टेरॉन चढलेलं असतं. ते उतरताना प्रोलॅक्टिन वाढतं. मग नराचं तोंडही न पाहिलेली कुत्री कोपऱ्यात बिछाना उकरते, चप्पल कुशीत घेऊन बसते, तिला दूधही येतं. बायकांसाठीची लघवीची पट्टी इथे निरुपयोगी, कारण ती ज्या संप्रेरकावर चालते ते कुत्रीत तयारच होत नाही. महिन्याभरानं सोनोग्राफी करावी.

गैरसमज : तब्येतीसाठी एकदा तरी व्यायलाच हवी.

वस्तुस्थिती : एका वेतानं पुढच्या आजारांपासून भरवशाचं संरक्षण मिळत नाही. माजानंतर महिना-दोन महिन्यांत कुत्री फार पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर स्राव दिसतही नाही. आणि वेत घ्यायचंच असेल तर घाई नको : पिल्लं विकणाऱ्या ब्रीडरनाही २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्री अठरा महिन्यांची होईपर्यंत थांबावं लागतं, आणि वर्षातून एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही.

दुधाचे खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडतो, तिथेच पहिल्या थेंबाच्या तारखेला एक खूण करावी. कॅलेंडर बदललं तरी जुनं रद्दीत टाकू नये. तीन-चार खुणा जमल्या की आपल्या कुत्रीचं अंतर समोर येतं. डॉक्टरही आधी तेच विचारतात : "मागची तारीख कोणती?"