चावीचं कासव
मंडळी, आता मेकाकूपा बघा. १९९० साली निन्टेंडोच्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये आलेलं, पाठीला चावी असलेलं हे यांत्रिक कासव. डोक्यावर उडी मारली तरी ते मरत नाही, थोडा वेळ बंद पडतं. शेवटच्या लढाईत बाउझर उडत्या यंत्रात बसून हीच कासवं खाली टाकतो. त्याच्यावर उडी मारून भागत नाही. मग हत्यार कुठलं? बंद पडलेलं कासव उचलायचं आणि बाउझरच्याच डोक्यावर फेकायचं! असं सहा वेळा. उशीर झाला, तर ते पुन्हा चालू लागतं. कवच उचलून वर फेकायचा सराव आधीच्या टप्प्यांत झालेला असतो. म्हणजे इथे नवं काही शिकवत नाहीत. शिकलेलं ऐनवेळी सुचतं का, एवढंच तपासतात.