शिवण विणतानाच ठरते

मुलीचा पहिला स्वेटर मी १० नंबरच्या सुयांवर महिनाभर विणला आणि दहा मिनिटांत मशीनवर शिवून टाकला. मशीनच्या दाबाखाली विणकाम ताणलं गेलं. बाजूची शिवण वेडीवाकडी झाली आणि काखेत तिचा जाड काठ लेकीला टोचू लागला.

मामींनी स्वेटर उलटसुलट करून पाहिला. म्हणाल्या, "अगं, लोकांना दिसणार सुलट बाजू, आणि तू शिवतेस उलट बाजूने?" त्या दुपारी त्यांनी शिकवलेल्या टाक्याला मॅट्रेस स्टिच म्हणतात, हे पुष्कळ नंतर कळलं.

दोन्ही भाग सुलट बाजू वर ठेवून शेजारी मांडायचे. बोथट टोकाच्या जाड सुईत त्याच लोकरीचा हातभर दोरा ओवायचा. टोकदार सुई लोकर चिरते. आता काठाचा पहिला आणि दुसरा टाका हलकेच फाकवा. मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतील, प्रत्येक ओळीला एक. उजवीकडच्या धाग्याखालून सुई घ्या, मग डावीकडच्या. पाच-सहा ओळी सैलच शिवा आणि दोरा शिवणीच्या दिशेने हळूच ओढा. दोन्ही काठ आत वळतात आणि टाक्याला टाका भिडतो, जणू सगळं एकाच सुईवर विणलंय. फार ओढलंत तर मात्र शिवण आखडते. विणीइतकीच तीही ताणली गेली पाहिजे.

पण खरी तयारी विणतानाची. पाठ आणि पुढचा भाग टेपने मापू नका, ओळी मोजून सारख्या ठेवा. प्रत्येक काठाचा एक टाका शिवणीत जातो, तो आधीच जास्तीचा धरा. टाके वाढवायचे-कमी करायचे ते काठाचा एक टाका सोडून आत. काठाचा टाका न विणता नुसता उचलायची सवय अनेकींना असते. त्याने दोन ओळींना मिळून एकच लांब टाका पडतो आणि शिवण सैल राहते. शिवायच्या काठाला तो विणाच.

स्वेटरला हात लावण्याआधी पांढऱ्या लोकरीचे दोन छोटे तुकडे विणा आणि लाल दोऱ्याने जोडा. दोरा ओढल्यावर लाल रंग दिसेनासा झाला, की स्वेटर शिवायला घ्या.