एक दार की सगळी दारं?

इमारतीच्या मॉडेलमधल्या एखाद्या दारावर क्लिक केलं की पडद्याच्या कडेची अरुंद पट्टी भरून येते. दार कोणत्या लेव्हलवर आहे, मार्क म्हणजे ओळख-क्रमांक काय, कोणत्या फेजमध्ये बसणार, सगळं एकाखाली एक. रेव्हिट हे सॉफ्टवेअर वापरणारे तिला प्रॉपर्टीज पॅलेट म्हणतात. ‘पीपी’ टाइप केलं की ती उघडते, पुन्हा केलं की मिटते. क्लायंटला थ्रीडी चित्र दाखवलं जातं, पण ड्राफ्ट्समनचा दिवस या पट्टीतच जातो.

रेव्हिटचा जन्म अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. लिओनिद रेझ आणि अर्विन युंगरायस यांनी १९९७ मध्ये चार्ल्स रिव्हर सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. त्याआधी दोघंही प्रो-इंजिनिअर या यंत्रांच्या सुट्या भागांच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. आकडा बदलला की आकार आपोआप बदलावा, ही तिथली रीत त्यांनी इमारतीला लावली. पहिली आवृत्ती २००० मध्ये आली. २००२ मध्ये ऑटोडेस्कने कंपनी १३.३ कोटी डॉलरला विकत घेतली. गुणधर्म पाहायचे तर तेव्हा डायलॉग बॉक्स उघडावा लागे आणि तो बंद केल्याशिवाय पुढचं काम हलत नसे. कायम उघडी राहणारी पट्टी आली ती रेव्हिट २०११ मध्ये.

या पट्टीचं मर्म एकाच भेदात आहे: इन्स्टन्स आणि टाइप. पट्टीत थेट दिसतात ते इन्स्टन्सचे गुणधर्म, म्हणजे निवडलेल्या त्या एका दाराचे. ‘एडिट टाइप’ दाबलं की वेगळी खिडकी उघडते. तिथे बदललेला आकडा त्या टाइपच्या प्रत्येक दाराला लागू होतो, मग ते तळमजल्यावर असो की गच्चीवर. साच्यातून निघालेला मोदक साचा बदलला म्हणून बदलत नाही. इथे तो बदलतो.

नवख्याची फजिती नेमकी इथेच होते. समजा, टाइपचं नाव ०९१५ × २१३४ मिमी आहे आणि एका बाथरूमचं दार ७५० चं हवं आहे. त्याने ‘एडिट टाइप’ उघडून रुंदी ७५० केली, ओके म्हटलं आणि इमारतीतली त्या टाइपची सगळी दारं आक्रसली. वर टाइपचं नाव मात्र ०९१५ च राहिलं, कारण नाव ही नुसती अक्षरं. रुंदीशी त्यांचा काही संबंध नाही. बरोबर वाट अशी: आधी ‘डुप्लिकेट’ दाबायचं, नवं नाव द्यायचं आणि मगच आकडा बदलायचा.

पट्टीतल्या काही ओळी करड्या असतात, त्यांना हात लावता येत नाही. खोलीचं क्षेत्रफळ त्यातलंच. ते भोवतालच्या भिंतींवरून मोजलं जातं. वाढवायचं असेल तर भिंत सरकवा. भिन्न उंचीच्या चार भिंती एकदम निवडल्या तर उंचीच्या रकान्यात आकड्याऐवजी ‘व्हेरीज’ येतं. त्यावर एकच आकडा लिहिला की चारही भिंती तेवढ्या होतात. आणि काहीच निवडलेलं नसेल तर पट्टी रिकामी राहत नाही, समोरच्या व्ह्यूचे गुणधर्म दाखवते. भिंत निवडली आहे या समजुतीत व्ह्यूचंच स्केल बदलणारे म्हणूनच भेटतात.

इथे भरलेली माहिती पट्टीपुरती राहत नाही. दारांचं शेड्युल, म्हणजे तक्ता, याच रकान्यांतून तयार होतं. शेड्युलमध्ये मार्क बदलला तर मॉडेलमधलं दारही तो घेतं. मॉडेल दुसऱ्या सॉफ्टवेअरला द्यायचं तर आयएफसी हा खुला फॉरमॅट आहे. २०१३ मध्ये तो आयएसओ १६७३९ हे मानक झाला. त्यात दारासाठी ठरावीक गुणधर्म-संच आहे: आगीला किती वेळ टिकेल, बाहेरचं आहे की आतलं. रकाना रिकामा ठेवला तर पलीकडच्या माणसाला चौकट दिसेल, पण ते दार आगरोधक आहे का हे कळणार नाही.

टाइपमधली चूकही अशीच पुढे जाते. म्हणून जाणता माणूस टाइपला हात लावण्याआधी दारावर राइट-क्लिक करतो आणि ‘सिलेक्ट ऑल इन्स्टन्सेस’मधून ‘इन एंटायर प्रोजेक्ट’ निवडतो. पट्टीच्या वरच्या बाजूला ‘डोअर्स’पुढे कंसात संख्या उमटते. ती अपेक्षेइतकी असेल तर टाइप बदला. जास्त असेल तर फक्त हवी ती दारं निवडून डुप्लिकेट करा. दोन क्लिकचं हे काम आळसाने टळलं, तर चुकीच्या मापाच्या चौकटी सुताराच्या ऑर्डरपर्यंत जातात.