दप्तराविना दहा दिवस

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील सुमारे १५ लाख मुलामुलींपुढे एकाच वेळी एकच प्रश्न उभा राहतो : पुढे काय? विज्ञान, वाणिज्य, कला की औद्योगिक प्रशिक्षण संस्था, हा निर्णय पंधरा-सोळा वर्षांच्या वयात घ्यायचा असतो आणि पुढील आयुष्याची बरीचशी दिशा त्यावरून ठरते. हा निर्णय कशाच्या आधारावर घेतला जातो, याचा शोध घेतला तर गुणांची टक्केवारी, शेजारच्या मुलाची निवड आणि नातेवाइकांचा सल्ला यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. ज्या कामात उमेदीची वर्षे घालवायची, ते काम प्रत्यक्ष चालू असताना मुलाने एक दिवसभरही पाहिलेले नसते. स्थळ पाहिल्यावाचून सोयरीक न जुळवणारा समाज मुलांची व्यवसायाशी गाठ मात्र डोळे झाकून बांधतो, हे नवल म्हटले पाहिजे.

या उणिवेची दखल राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये घेतली. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तर न आणता सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली घालवावेत, अशी शिफारस त्यात आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०२४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या. १९ ते २४ वयोगटातील भारतीय कामकऱ्यांपैकी औपचारिक व्यवसायशिक्षण मिळालेल्यांचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी असल्याचा बाराव्या पंचवार्षिक योजनेचा अंदाज याच धोरणात उद्धृत केला आहे. त्याच्या शेजारी जर्मनीचे ७५ टक्के आणि दक्षिण कोरियाचे ९६ टक्के हे आकडे दिलेले आहेत. ही दरी दहा दिवसांनी भरून निघणार नाही, हे उघड आहे. तथापि मुलाच्या डोळ्यांवरची पट्टी दहा दिवसांत सैल होऊ शकते. प्रश्न आहे तो हे दहा दिवस कोणाला, कोठे आणि कोणाच्या सोबतीने मिळतील हा.

कागदी फुलांचा तास

या कल्पनेला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांना लहानसे नमुना शेत जोडावे आणि तेथे मुलांना प्रत्यक्ष शिक्षण द्यावे, असे सुचविले होते. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेतून गांधीजींची हस्तोद्योगाधिष्ठित नयी तालीम आकाराला आली. १९६४ ते ६६ या काळातील कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा सर्व शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला. शाळा, घर, कार्यशाळा, शेत, कारखाना किंवा अन्य कोणतीही उत्पादक जागा ही कार्यानुभवाची स्थळे होत, असे त्या आयोगाने स्पष्ट केले होते. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे नाव पुढे आणले. नावे बदलत गेली, समित्या येत गेल्या. कल्पनांची वाण कधीच नव्हती.

व्यवहारात काय झाले, ते महाराष्ट्रात शिकलेल्या दोन-तीन पिढ्यांना ठाऊक आहे. आयोगाने सांगितलेल्या स्थळांपैकी शाळा तेवढी उरली. कार्यशाळा, शेत आणि कारखाना गळून पडले. कार्यानुभव म्हणजे वेळापत्रकातला एक तास, आणि त्या तासाला कागदी फुले, शुभेच्छापत्रे, मेणबत्त्या किंवा खडू. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी दुकानातून आणलेली वस्तू स्वतःची म्हणून मांडण्यात मुलांना गैर वाटेनासे झाले आणि श्रेणी देऊन मोकळे होण्यावाचून शिक्षकांपुढेही मार्ग राहिला नाही. यात मुलांचा किंवा शिक्षकांचा दोष कमी, रचनेचा अधिक. ज्या वस्तूची कोणालाही गरज नाही, ती करताना कामाची खरी लक्षणे अनुभवास येत नाहीत. वेळेचे बंधन नसते, गिऱ्हाइकाची नाराजी नसते, चुकीची किंमत मोजावी लागत नाही.

याला सन्मान्य अपवादही महाराष्ट्रातच घडला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून विकसित झालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातील एक दिवस शिकावा, अशी योजना झाली आणि माध्यमिक शालान्त मंडळाने त्याला मान्यता दिली. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग. गावाला जी सेवा लागते ती शाळेतील मुलांनी द्यायची आणि ती देताना त्यामागचे विज्ञान शिकायचे, हे त्याचे मर्म आहे. येथे गिऱ्हाईक खरे असते. म्हणून कामही खरे होते.

ओळखीचा वारसा

काम जवळून पाहण्याची संधी आज कोणालाच नाही, असे मात्र नव्हे. डॉक्टरांची मुलगी दवाखान्यात वाढते. वकिलाचा मुलगा पक्षकारांचे बोलणे कानांवर घेतच मोठा होतो. व्यापाऱ्याच्या मुलाला गादीवर बसण्याचा सराव शाळकरी वयातच होतो. अभियंता असलेला मामा किंवा बँकेत असलेली मावशी शहरी मध्यमवर्गीय घरात सहज निघते, आणि सुट्टीत चार दिवस तिच्या कार्यालयात जाऊन येणे ही एका दूरध्वनीची गोष्ट असते. ज्यांना ओळखी आहेत त्यांना ही सोय आधीच आहे. शाळेने ती करून द्यायची ती ओळखी नसलेल्यांसाठी.

शेतमजुराच्या किंवा ऊसतोड कामगाराच्या मुलाला श्रमाचा अनुभव कमी नसतो. तो अंमळ जास्तच असतो. उणीव आहे ती निवडीची. त्याने जवळून पाहिलेली पगारी माणसे म्हणजे शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस. साहजिकच भरतीच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत वर्षे घालवणाऱ्या तरुणांत अशा घरांतील मुले मोठ्या संख्येने दिसतात. त्यांची आकांक्षा लहान नसते. त्यांना दिसलेले जग लहान असते.

म्हणूनच या योजनेतील एका धोक्याकडे वेळीच लक्ष दिले पाहिजे. ज्या देशात बापाचा धंदा मुलाने करणे हा शतकानुशतके समाजाचा नियम होता, तेथे ‘स्थानिक व्यवसायाची ओळख’ या शब्दांना जातीचा वास सहज लागू शकतो. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांच्या सरकारने प्राथमिक शाळेचा दिवस निम्मा करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. ती ‘कुलधंद्याचे शिक्षण’ म्हणून ओळखली गेली, तिच्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले आणि १९५४ मध्ये सरकार बदलताच ती मोडीत निघाली. कुंभाराच्या मुलाला दहा दिवस कुंभाराकडेच पाठविणारी शाळा त्याच चुकीची पुनरावृत्ती करील.

यावर उपाय साधा आहे. आपल्या घरच्या धंद्यात कोणत्याही विद्यार्थ्याने जायचे नाही आणि कोण कोठे जाणार हे शाळेने चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, असा नियमच असावा. कुंभाराची मुलगी प्रयोगशाळेत जावी आणि प्राध्यापकाच्या मुलाने चाकाजवळ बसून मातीचा कस पाहावा. यातला दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. हाताने काम करणाऱ्याच्या कौशल्याविषयी आदर हा पाठ्यपुस्तकातील धड्याने निर्माण होत नाही. आपल्याला न जमणारी गोष्ट दुसरा लीलया करतो, हे पाहिल्यावर तो होतो.

तालुक्याच्या गावात काय नाही?

मोठ्या शहराबाहेर अशा जागा मिळणार कोठून, हा आक्षेप ऐकू येतो. तालुक्याचे कोणतेही गाव डोळ्यांपुढे आणले तर तो टिकत नाही. एस.टी.चे आगार, टपाल कार्यालय, पशुवैद्यकीय दवाखाना, ग्रामीण रुग्णालयाची प्रयोगशाळा, दूध संकलन केंद्र, बाजार समिती, पतसंस्था, छापखाना, वीज मंडळाचे उपकेंद्र, न्यायालय, ही सारी तेथे असतात. मुले त्यांच्या दारावरून रोज जातात. आत जाण्याचे कारण त्यांना कधी मिळत नाही.

साखर कारखान्याचेच उदाहरण घ्यावे. गाळपाच्या हंगामात उसाच्या गाड्यांची रांग, वजनकाटा आणि गव्हाण एवढे कारखान्याच्या परिसरातील प्रत्येक मुलाला माहीत असते. रसाचा नमुना घेऊन त्यातील विरघळलेल्या घटकांचे आणि साखरेचे प्रमाण जेथे मोजले जाते, ती प्रयोगशाळा त्याने पाहिलेली नसते. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर साखर उताऱ्याशी बांधलेला आहे. नववीची एखादी मुलगी तीन दिवस तेथील रसायनज्ञाच्या सोबत राहिली, तर दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर आपल्या गावाचे किती रुपये अवलंबून आहेत हे तिला कळेल. शेकडेवारीचे गणित त्यानंतर तिला निरुपयोगी वाटणार नाही. आणि असे काम करणारी व्यक्ती कोठे शिकली, किती वर्षे शिकली, तिला काय वेतन मिळते, हेही ती विचारू शकेल.

याला भेट म्हणत नाहीत, सहल तर नव्हेच. साठ मुलांना रांगेने कारखान्यातून फिरवून आणण्याने काहीच साधत नाही. एका काम करणाऱ्या माणसाबरोबर एक किंवा फार तर दोन विद्यार्थी, तेही सलग तीन दिवस, हे किमान प्रमाण हवे. दहा दिवसांपैकी दोन तयारीसाठी, सहा दोन निरनिराळ्या कामांच्या ठिकाणी आणि दोन परत आल्यावर लिहिण्या-बोलण्यासाठी, अशी विभागणी सहज करता येईल. सहावी ते आठवीच्या दहा दिवसांना नववीतील या दहा दिवसांची जोड दिली, तर शाखानिवडीच्या उंबरठ्यावर असताना त्याचा खरा उपयोग होईल.

अडचणी खऱ्या आहेत

बालमजुरीविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांना लावता येत नाही. ही मर्यादा योजनेला अडसर नसून तिचा पाया मानली पाहिजे. विद्यार्थ्याने पाहावे, विचारावे, टिपून घ्यावे, फार तर किरकोळ हातभार लावावा. रजेवर गेलेल्या कामगाराची जागा त्याने भरता कामा नये आणि चालू यंत्राला हात लावू नये. मुलींची जोडीने रवानगी, ठरलेले तास, विमा, पालकांची लेखी संमती आणि शिक्षकांची प्रत्यक्ष फेरी या गोष्टी ऐच्छिक ठेवता येणार नाहीत.

शिक्षकांवर निवडणुका, सर्वेक्षणे आणि माहितीच्या तक्त्यांचे ओझे आधीच आहे. त्यात ही जबाबदारी वरून टाकली, तर कागदी फुलांचीच नवी आवृत्ती निघेल. त्यासाठी प्रत्येक तालुक्याला जागा शोधणारा आणि त्यांची खातरजमा करणारा एक स्वतंत्र माणूस लागेल. सरकारी कार्यालयांना आदेश देता येतो. सहकारी संस्थांना आणि खासगी व्यावसायिकांना विनंती करावी लागेल. हे अशक्य नाही. जपानच्या ह्योगो प्रांताने १९९५ चा कोबे भूकंप आणि १९९७ मधील एका भीषण गुन्ह्याचा धक्का सोसल्यानंतर १९९८ मध्ये असाच उपक्रम सुरू केला. माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षातील मुले पाच दिवस वर्गाबाहेर, दुकानांत, शेतांवर, बालवाड्यांत कामाचा अनुभव घेऊ लागली. ठरावीक हुशार मुलांसाठी नव्हे, तर प्रांतातील सर्व सार्वजनिक शाळांसाठी ही योजना होती, हे विशेष.

काही मुले निराश होऊन परततील, हेही गृहीत धरावे. ज्या कामाची दुरून ओढ वाटत होती ते कंटाळवाणे आहे, असे त्यांना आढळेल. ते नुकसान नव्हे. हे ज्ञान चौदाव्या वर्षी तीन दिवसांच्या मोलाने मिळते. बाविसाव्या वर्षी तेच मिळविण्यासाठी घरची जमीन गहाण पडलेली असते.

राज्याने सर्व शाळांना एकदम परिपत्रक पाठवून ही योजना कागदावर पूर्ण करू नये. प्रत्येक जिल्ह्यातील एका तालुक्यात ती नीट राबवावी, चुका तपासाव्यात आणि मग विस्तार करावा. त्या तालुक्यांतील मुलांचा दहावीचा निकाल लागेल, तेव्हाही ‘पुढे काय’ हा प्रश्न घरोघर विचारला जाईलच. मात्र उत्तर देणाऱ्या मुलाने निदान दोन कामे आपल्या डोळ्यांनी पाहिलेली असतील आणि त्यांच्याविषयी मामाकाकांच्या आधी त्याला स्वतःला काही सांगता येईल.