किळसेपलीकडचे झुरळ

झुरळ दिसताच हात चपलेकडे जावा, ही रीत घरोघरची आहे. मादागास्करच्या अरण्यातील पाच ते साडेसात सेंटिमीटर लांबीची, बिनपंखी, फुत्कारणारी झुरळे युरोप-अमेरिकेत हौसेने काचपेटीत पाळली जातात, हे ऐकून माजलगावचा गृहस्थ नाक मुरडील. पण तत्पूर्वी त्याने आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. बीडचा रेशीम उत्पादक शेतकरी तुतीचा पाला घालून हजारो अळ्या वाढवतो. त्या चारदा कात टाकून कोशावर येईपर्यंत शेडमधील उष्णता, ओलावा, स्वच्छता जिवापाड सांभाळतो. त्या अळीची किळस कोणास येत नाही. कारण तिच्या कोशाला भाव आहे.

झुरळाची ओळख मात्र विद्यार्थ्यांना आजवर प्रेतावरूनच झाली. मेणाच्या तबकात टाचण्यांनी खिळलेले झुरळ हाच त्याचा परिचय. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्राच्या वर्गांतील विच्छेदनाला मनाई केली, हे योग्यच झाले. पुढे २०१९ साली राज्य मंडळाच्या अकरावीच्या जीवशास्त्रात झुरळावर स्वतंत्र प्रकरण आले. परंतु विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुधा आकृतीच आली. मेलेले झुरळ गेले आणि जिवंत आलेच नाही.

‘श्वसनरंध्रे’ हा शब्द पाठ करणे निराळे आणि श्वासासरशी हलणारे पोट पाहणे निराळे. जगात झुरळांच्या सुमारे ४,६०० जाती आहेत. माणसाच्या घराचा आश्रय घेणाऱ्या त्यांतील जेमतेम तीस. उरलेल्यांपैकी कित्येक रानातील पालापाचोळा कुजवून माती घडवण्यास हातभार लावतात. दक्षिण भारतातील पांढऱ्या ठिपक्यांचे काळे झुरळ परदेशी हौशी मंडळी कौतुकाने सांभाळतात. आपल्याकडे त्याचे नावही फारसे कोणास ठाऊक नसते.

याचा अर्थ मादागास्करहून झुरळे मागवावीत, असा नव्हे. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परदेशी जिवंत कीटक परवान्याशिवाय आणता येत नाहीत, आणि हे बंधन आवश्यकच आहे. निसटलेला परका जीव शेतीला महाग पडू शकतो. शिवाय झुरळांच्या विष्ठेने व कातीने दमा बळावतो. तेव्हा घरात हा छंद नकोच.

परंतु माजलगावच्या कनिष्ठ महाविद्यालयांत घट्ट जाळीच्या झाकणाची एक काचपेटी, तीत स्वच्छ जागी वाढवलेली इथलीच झुरळे, शेजारी नोंदवही आणि हात धुण्याची शिस्त, एवढे तरी अशक्य नाही. अंडकोश केव्हा गळला, पिल्ले कितव्या दिवशी निघाली, कात टाकून पांढरे झालेले झुरळ काही तासांत तपकिरी कसे झाले, याच्या नोंदी मुलांनी स्वतः ठेवाव्यात. ज्या जिल्ह्याने अळी सांभाळून संसाराला हातभार लावला, त्याला झुरळ सांभाळून शास्त्र शिकणे जड जाऊ नये.