छावणीतले पाटीपूजन

दसऱ्याला आपल्या घरात दोन पूजा शेजारी शेजारी मांडल्या जातात. एका पाटावर विळी, कोयता, हातोडी आणि एखाद्या घरी पणजोबांची म्यानातली तलवार. दुसऱ्या पाटावर पोथ्या, वह्या आणि एकाच्या आकड्यांनी पाटीवर रेखाटलेली सरस्वती. झेंडूची फुले दोन्हींना सारखीच वाहिली जातात. शस्त्र आणि विद्या यांना एकाच दिवशी वंदन करणाऱ्या आपल्या समाजाला एका परदेशी विद्यार्थ्याची हकिकत ऐकावीशी वाटेल. त्याच्या देशाने त्याच्या हाती विद्या दिली आहे ती शस्त्र म्हणूनच. आणि ज्या धर्माची तो रोज प्रार्थना करतो, त्या धर्माने त्याला शत्रूवरही प्रेम करण्यास सांगितले आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया राज्यात, मॉन्टेरे नावाचे एक जुने बंदर आहे. स्पॅनिश लोकांनी १७७० साली येथे लष्करी ठाणे आणि ख्रिस्ती मिशन ही दोन्ही बरोबरच स्थापन केली. त्या ठाण्याचे १७९४ साली बांधलेले दगडी प्रार्थनामंदिर अद्याप नांदते आहे. उन्हाळ्यातही दाट धुके अंगावर घेणाऱ्या या गावात, खाडीवरच्या टेकडीवर, सैनिकांना परकीय भाषा शिकवणारी सरकारी शाळा आहे. भूदल, नौदल, वायुदल आणि मरीन या सर्व दलांतली तरुण मुले-मुली येथे येतात. स्पॅनिश शिकणाऱ्याला सुमारे छत्तीस आठवडे मिळतात. अरबी शिकणाऱ्याला चौसष्ट. भाषांची अवघडपणाची प्रतवारी ठरलेली आहे, आणि चिनी, जपानी व कोरियन यांच्याबरोबर अरबी अगदी वरच्या पायरीवर बसते.

असा एक विशीतला अरबीचा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. घरी आई-वडील दर रविवारी चर्चला जाणारे, तोही जाणारा. प्राथमिक सैनिकी शिक्षण संपवून तो थेट येथे आला आहे. पहाटे अंधारातच शारीरिक कवायत, धावणे. मग स्नान, न्याहारी आणि गणवेश चढवून वर्ग. वर्ग लहान असतो, आणि शिकवणारे बहुतेक जण अरबी ही मातृभाषा असलेले. दिवसाकाठी सहा तासांच्या आसपास शिकणे, संध्याकाळी दोन-तीन तास घरचा अभ्यास, आणि खोलीतल्या दिव्याखाली शब्दांच्या चिठ्ठ्या उलटसुलट करीत पुटपुटणे. वेदपाठशाळेत संथा घेणारा बटू ज्याने पाहिला आहे, त्याला हे पुटपुटणे ओळखीचे वाटेल. आधी कान, मग जीभ आणि डोळा सर्वांत शेवटी, हा क्रम दोन्हीकडे एकच आहे.

अक्षरे अठ्ठावीस. ती उजवीकडून डावीकडे चालतात आणि शब्दात आरंभी, मध्ये, अंती व एकटी असताना आपले रूप बदलतात. ऱ्हस्व स्वर सहसा लिहिलेच जात नाहीत. वाचणाऱ्याने ते जाणून घ्यायचे. घशाच्या तळातून काढायचे काही ध्वनी तर असे, की पहिले काही आठवडे विद्यार्थी खोकला झाल्यासारखे बोलतात. आकडे मात्र डावीकडून उजवीकडे लिहिले जातात, आणि अरब त्या आकड्यांना ‘हिंदी अंक’ म्हणतात. आपल्या घरून गेलेली ही ठेव त्यांनी नाव न पुसता जपली, हे आजच्या दिवशी कृतज्ञतेने आठवावे.

सर्वांत मोठा आनंद धातूंचा. बहुतेक अरबी शब्द तीन व्यंजनांच्या एका बीजातून फुटतात. क-त-ब या बीजातून किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लेखक, मक्तब म्हणजे कचेरी, मक्तबा म्हणजे ग्रंथालय. पाणिनीच्या धातुपाठावर वाढलेल्या आपल्या शास्त्र्यांना ही रचना क्षणात उमगली असती. इंग्रजीवर वाढलेल्या या मुलाला ती उमगायला काही महिने जातात. पण एकदा उमगली, की अनोळखी शब्दाच्या पोटातली तीन अक्षरे तो चाचपून काढू लागतो. आपल्याला तर यातले कितीतरी शब्द न शिकताच येतात, कारण फारसीच्या वाटेने ते मराठीत येऊन स्थायिक झाले आहेत. कलम, हिशेब, तारीख, वकील, मुक्काम, फौज हे सगळे मूळचे अरबी. आपला ‘किल्ला’ही अरबीच. हा सैनिक आपल्या शिक्षकांना ‘उस्ताज’ म्हणतो. कोल्हापूरच्या मातीत अंग घुसळणारा मल्ल ज्यांना ‘वस्ताद’ म्हणतो, तो हाच शब्द. आणि त्या मल्लाची ‘तालीम’ म्हणजे अरबीत नुसते शिकणे-शिकवणे. पहाटेची कसरत आणि दिवसभराचा वर्ग यांना दोन शब्द लागू नयेत, हे मराठीने परस्पर ठरवून टाकले, असेच म्हणावे लागेल.

या विद्यार्थ्याला शब्द शिकवले जातात त्यांचा क्रम मात्र विचार करायला लावणारा आहे. बाजारात कांदे मागण्याआधी त्याला अनेकदा शस्त्रसंधी, निर्वासित, स्फोट, सीमा यांसारखे शब्द येऊ लागतात, कारण वृत्तपत्रे आणि बातम्या हा त्याच्या अभ्यासाचा मोठा भाग. पुढे त्याला ध्वनिलहरींवरचे परके संभाषण ऐकायचे आहे, हाती लागलेले कागद वाचायचे आहेत, कदाचित पकडलेल्या माणसासमोर बसायचे आहे. ज्यांचे बोलणे तो ऐकेल, त्यांतल्या पुष्कळांना आपण ऐकले जात आहोत हे ठाऊकही नसेल. पर्वतावरच्या प्रवचनात येशूने शत्रूसाठी प्रार्थना करावयास सांगितले. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची, त्याचेच बोलणे कानाला यंत्र लावून टिपायचे, ही गोष्ट श्रद्धाळू मुलाच्या मनात सलल्याशिवाय राहत नाही. छावणीत धर्मोपदेशक असतात, आणि अशी मुले त्यांच्याकडे जातात. धर्मोपदेशकांना तरी तयार उत्तर कोठून असणार? कुरुक्षेत्रावर अर्जुनाला पडलेला प्रश्न अठरा अध्यायांचा होता.

या शाळेचा आरंभच अशा पेचातून झाला. १ नोव्हेंबर १९४१ रोजी, जपानशी युद्ध पेटण्याच्या महिनाभर आधी, सॅन फ्रान्सिस्कोतल्या विमानतळावरच्या एका रिकाम्या इमारतीत चार शिक्षक आणि साठ विद्यार्थी घेऊन ती सुरू झाली. विषय जपानी. बहुतेक विद्यार्थी अमेरिकेत जन्मलेली जपानी कुटुंबांतली मुले होती. पुढल्याच वर्षी सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी कुटुंबांना घरादारांवरून उठवून कुंपणाच्या छावण्यांत नेले, आणि शाळाही मिनेसोटात हलवावी लागली. आईबाप कुंपणाआड, मुलगा त्याच सरकारच्या गणवेशात. आणि शिकायची ती आजी-आजोबांची भाषा, त्यांच्याच देशाविरुद्ध. तरी त्या मुलांनी काय केले पहा. १९४४ साली सायपान बेटावर जपानी सैनिक आणि नागरिक गुहांत दडून बसले होते. होइची कुबो हा तरुण दुभाषी अशा एका गुहेत उतरला, आतल्या सैनिकांशी त्यांच्या भाषेत बोलत बसला, आणि शंभराहून अधिक नागरिक जिवंत बाहेर आले. पुढे ओकिनावातही दुभाष्यांनी कितीतरी गुहांच्या तोंडाशी उभे राहून अशीच साद घातली. युद्धानंतर, १९४६ साली, ही शाळा मॉन्टेरेला आली.

आता पुन्हा आपल्या विद्यार्थ्याकडे वळू. काही महिने लोटल्यावर त्याला एक शोध लागतो, आणि तो वर्गात ठरवून शिकवलेला नसतो. त्याच्यासमोर उभे असणारे सगळेच शिक्षक मुसलमान नसतात. इजिप्तमधले कॉप्ट, लेबनॉनमधले मॅरोनाइट, इराकमधले खाल्डी असे अरबी बोलणारे ख्रिस्ती समाज शतकानुशतके आहेत. त्यांच्या प्रार्थना, विवाह, अंत्यविधी अरबीत होतात. देवाला ते ‘अल्लाह’ असेच म्हणतात, कारण अरबीत परमेश्वराला दुसरा रुळलेला शब्द नाही. कुराणात येशूचे नाव ‘ईसा’ आहे, तर हे ख्रिस्ती त्याला ‘यसू’ म्हणतात. एवढ्या एका नावावरून बोलणाऱ्याचे घर ओळखता येते. या मुलाला आजवर जी भाषा बातम्यांतल्या स्फोटांशी जोडलेली वाटत होती, तीत आपल्याच बाप्तिस्म्याचे शब्द आहेत, हे त्याला पहिल्यांदा कळते. बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पन्नासाव्या दिवसाचे वर्णन आहे. त्या दिवशी जमलेल्या प्रत्येकाला प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले, आणि त्या श्रोत्यांच्या यादीत अरबही आहेत. लहानपणापासून ऐकलेला हा उल्लेख त्याला आता थांबवून धरतो. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापले, तेव्हा स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले; मराठी ख्रिस्ती कुटुंबे आजही ‘परमेश्वरा’लाच हाक मारतात. शेजाऱ्याच्या शब्दात देव सापडतो, हा अनुभव आपल्या वसई-अहिल्यानगरकडच्या घरांना नवा नाही.

मग तो रात्री अभ्यास आटोपल्यावर रोजची प्रार्थना अरबीत म्हणू लागतो. आरंभी ती उच्चाराचा सराव म्हणून असते. घशातले ते अवघड ध्वनी प्रार्थनेत वारंवार येतात आणि जिभेला वळण लागते. रमजान आला की काही शिक्षक दिवसभर पाण्याचा थेंबही न घेता उभे राहून शिकवतात. ख्रिस्ती उपवासकाळ पाळणारा विद्यार्थी ते पाहतो, आणि वर्गात खाऊचा डबा उघडताना जरा संकोचतो. कोणी सांगावे लागत नाही.

त्याच्या टेबलावर एक शब्दकोश असतो. अरबी शिकणारे इंग्रजी वाचक बहुधा हान्स वेर यांचाच कोश वापरतात; तो धातूंच्या क्रमाने लावलेला आहे. कोशांचा आणि फौजांचा संबंध आपल्याला ठाऊक आहे. मराठीचा १८३१ चा थोर कोश रचणारे मोल्सवर्थ हे कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी आणि निष्ठावंत ख्रिस्ती होते, आणि त्यांच्या परिश्रमांवर आपली पिढ्यान्पिढ्यांची विद्या उभी आहे. वेर यांच्या कोशामागची कथा मात्र काळजाला घरे पाडणारी आहे. तो तयार होत होता नाझी जर्मनीत, आणि हिटलरच्या पुस्तकाचे अरबी भाषांतर व्हावे ही तेव्हाच्या सरकारची इच्छा त्या कामाला मिळालेल्या पाठबळामागे होती. त्या कोशासाठी अरबी ग्रंथांतून शब्द वेचून देणाऱ्यांत हेडविग क्लाइन ही हॅम्बर्गची ज्यू विदुषी होती. १९३९ च्या ऑगस्टमध्ये जीव वाचवण्यासाठी ती मुंबईला निघालेल्या जहाजावर चढली होती. युद्ध तोंडावर आले म्हणून ते जहाज वाटेतूनच परत बोलावले गेले. तीन वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, तिला आउश्वित्झला नेण्यात आले, आणि तेथून ती परतली नाही. कोश १९५२ साली प्रसिद्ध झाला. चार-सहा दिवस ते जहाज पुढे सरकते, तर मुंबईच्या एखाद्या ग्रंथालयात ती अरबी हस्तलिखिते वाचत बसली असती.

या कोशात स-ल-म हा धातू काढला, की ‘सलाम’ म्हणजे शांती, ‘सलामा’ म्हणजे क्षेम, आणि त्याच कुळातले ‘इस्लाम’ व ‘मुस्लिम’ हे शब्द सापडतात. मराठीत सैनिक वरिष्ठाला करतो तोही ‘सलाम’च.

चौसष्ट आठवड्यांच्या शेवटी ऐकण्याची, वाचण्याची आणि बोलण्याची परीक्षा होते. बोलण्याच्या परीक्षेत परीक्षक समोर बसून गप्पा मारल्यासारखे प्रश्न विचारत जातात. घर, गाव, आवडीनिवडी येथून आरंभ होतो आणि हळूहळू विषय जड होत जातात. वर्षभर घोकलेले शब्द ऐन वेळी पळून जातात, आणि उत्तीर्ण न होणाऱ्याला दुसऱ्या कामावर पाठवले जाते. काही जणांची वाट तर त्याआधीच, मधल्या परीक्षांत संपलेली असते. जो उत्तीर्ण होतो त्याला पुष्कळदा टेक्सासमधल्या गुडफेलो तळावर पुढच्या शिक्षणासाठी जावे लागते. प्रमाण अरबी हाती आली, तरी घराघरांतली बोली वेगळी. कैरोत ‘ज’चा ‘ग’ होतो आणि बगदादची बोली बैरुतच्या माणसालाही जड जाते. तेव्हा सामान बांधताना तो कोश तळाशी ठेवतो आणि अरबी बायबल वर, कारण प्रवासात वाचायला तेच बरे पडते.